सर्व्हेत पर्यायसुद्धा उत्तर ठरवतात

सर्व्हेत लोक खोटं बोलतात म्हणून त्यांचं वागणं प्रत्यक्ष बघून केलेलं निरीक्षणच खरं, असं काही जण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. खोटं बोलायचं काही कारण नसतानाही उत्तर बदलतं, आणि बऱ्याचदा ते बदलतं आपल्याच फॉर्ममुळे. जर्मनीत मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांचा १९८५ सालचा टीव्हीचा अभ्यास बघा, प्रश्न एकच, रोज टीव्ही किती वेळ बघता, फक्त एका गटाला पर्याय दिले अर्ध्या तासापासून 'अडीच तासांपेक्षा जास्त' पर्यंत आणि दुसऱ्याला 'अडीच तासांपर्यंत' पासून 'साडेचार तासांपेक्षा जास्त' पर्यंत. अडीच तासांच्या वर सांगणारे पहिल्या गटात १६.२ टक्के, दुसऱ्यात ३७.५ टक्के! टीव्हीचे तास कोण मोजून ठेवतं, मग माणूस यादी बघतो, मधला पर्याय म्हणजे चारचौघांचं असणार असं धरतो आणि आसपास टिक करतो.

म्हणून मी मोबाईल वापराबद्दल विचारताना पर्याय देतच नाही, तास आणि मिनिटं लिहायला रिकामी जागा ठेवते आणि 'साधारण' न विचारता 'काल जेवणानंतर' असं विचारते. मग लोक खरंच आठवायला लागतात, 'भांडी आवरली साडेनवाला, मग पोराला झोपवलं, त्यानंतर घेतला बघा हातात'. आणि निरीक्षणाचं म्हणाल तर वही घेऊन कुणी हॉलमध्ये बसलं की घरातले सगळेच मोबाईल बाजूला ठेवतात, त्यामुळे तिथेही मिळतं ते रोजचं वागणं नसतंच.