शब्दचर्चा : सिंटरिंग म्हणजे भाजणे? टेक्स्चर म्हणजे पोत?

प्रश्न : फेराइट चुंबकांवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'सिंटरिंग'ला 'भाजणे' आणि 'टेक्स्चर'ला 'पोत' लिहिलंय. चालेल का?

उत्तर : 'भाजणे' अडचणीत आणेल, कारण या चुंबकांचं द्रव्य, म्हणजे स्ट्राँशियम फेराइट, दोनदा भट्टीत जातं. आधी लोह ऑक्साइड आणि स्ट्राँशियम कार्बोनेट एकत्र भाजून संयुग तयार करतात, मग ते मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक होईपर्यंत दळतात. थालीपिठाच्या भाजणीचाही क्रम हाच, म्हणून 'भाजणी' मी या पहिल्या पायरीला देईन. दुसऱ्या खेपेला साच्यात दाबलेली वडी साधारण १२०० अंश सेल्सिअसला तापवतात. वडी वितळत नाही. कण जिथे टेकलेले असतात तिथे अणू सरकून जोड धरतात, मधल्या पोकळ्या मिटत जातात, वडी आक्रसते आणि घनता ५.१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या कमाल मर्यादेच्या जवळ पोचते. सांधणं हे इथलं खरं काम, म्हणून 'तापसांधणी' सुचवतो. कारखान्यात 'सिंटरिंग'च म्हणतात, तेही कंसाशिवाय खुशाल वापरा.

दुसरं मत : 'तापसांधणी' आवडला. 'पोत' मात्र नकोच. पोत म्हटलं की लुगड्यावरून हात फिरतो. इथे पृष्ठभागाचा संबंधच नाही. प्रत्येक कण म्हणजे बारीक स्फटिक, आणि त्याला ज्या दिशेने चुंबकत्व सहज येतं तो त्याचा अक्ष. किती कणांचे हे अक्ष एका दिशेला आहेत, एवढंच विचारलेलं आहे. दळलेल्या भुकटीचा ओला लगदा साच्यात, चुंबकीय क्षेत्रात दाबतात तेव्हा कण वळून रांगेत येतात. त्याला 'एकदिशता' म्हणा.

प्रश्न : मग तापसांधणीत ही एकदिशता बिघडत नाही?

दुसरं मत : उलट वाढते! रांगेतले मोठे कण शेजारच्या तिरक्या, बारीक कणांना गिळून वाढतात. त्यामुळे घनता आणि एकदिशता बरोबरीने चढतात, चुंबकाचा जोरही वाढतो. पण भट्टी जास्त झाली तर कण मायक्रॉनच्या पुढे फुगतात आणि चुंबकत्व उलट्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्रापुढे टिकत नाही. ही वाढ रोखायला थोडी सिलिका आणि कॅल्शियम ऑक्साइड घालतात. आणखी एक : वडी कणांच्या रांगेतल्या अक्षाच्या दिशेने जास्त आक्रसते, आडवी कमी, म्हणून साचाही त्या हिशेबाने कापावा लागतो. लेखात 'आकुंचन' एकदाच आलं असेल तर कोणत्या दिशेचं, ते जरूर लिहा.