अनुभव धागा: शुभवर्तमानातलं एखादं वाक्य खरंच पाळून पाहिलंय का?

गावठाणातली
काल लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या) पहिल्या आठवड्यातला शुक्रवार. ऑफिसातून थेट चर्चला, क्रूसाची वाट, मग मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना). वाचन मत्तय ५ मधलं: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. फादर पुढे काय बोलले ते माझ्या कानात शिरलंच नाही, कारण मला आमची आजी आठवली.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलेच मूळचे कॅथलिक, अंधेरीकडचं गावठाण. आगेऱ्याचा रविवार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आगेरा म्हणजे ऑक्टोबरातला नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. आमची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली, लोंब्या आता बाहेरून आणाव्या लागतात. तर त्या वर्षी लोंब्यांची जुडी आजीच्या हातात होती. मिरवणूक चर्चच्या दाराशी आली आणि आजी थांबली. जुडी माझ्याकडे दिली, "धर, मी आलेच" म्हणाली आणि गर्दीतून उलटी चालू लागली. विहिरीकडच्या भिंतीवरून धाकट्या जावेशी तिचं बोलणं बंद होतं. आजी तिच्या दारात गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. अर्पणाची रांग संपली, मी जुडी धरून खांबाशी उभी. मिस्सा संपत आला तेव्हा दोघी एकत्र आल्या. फादरांनी नंतर ती जुडी वेगळी घेतली.

भिंतीचा वाद मिटला नाही. कोर्टाचे कागद अजून कपाटात आहेत. पण दोघी मरेपर्यंत एकमेकींकडे कालवण पाठवत राहिल्या.

मला त्या वाक्यात एक गोष्ट फार मोठी वाटते. येशू म्हणत नाही की तुला राग असेल तर जा. तो म्हणतो, त्याच्या मनात तुझ्याविषयी असेल तर जा. चूक कोणाची हा प्रश्न त्याने बाजूलाच ठेवला.

तर लिहा. प्रवचन नको. तुम्ही, घरच्यांनी, तुमच्या मंडळीने (चर्चमधल्या लोकांनी) एखादं वाक्य पाळून पाहिलं असेल तर काय झालं ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कोणीही.

मसालावाली
आगेरा म्हटल्यावर डोळे भरले ग. आमच्याकडे पहिला भात दुधात शिजवून सगळ्यांना घासभर द्यायचे. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रंगारी
मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर.
माझी रंगकामाची छोटी कंत्राटं असतात. सकाळी नाक्यावरून माणसं घेतो. गोष्टीत मालक संध्याकाळी पाचला उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. हे वाक्य चर्चमध्ये ऐकताना लोकांना आळशी माणसं दिसत असतील. मला नाका दिसतो. साडेदहानंतर तिथे कोण उरतं? वय झालेला, खोकणारा, गावाहून नुकता आलेला ज्याला भाव सांगता येत नाही. सगळे सहापासून उभे असतात.

एकदा दादरला एका सोसायटीत काम अडलं, जेवणानंतर एक म्हातारा बिगारी आणला. संध्याकाळी त्याला पूर्ण हजेरी दिली. सकाळपासूनची पोरं भडकली. मुकादम म्हणाला, शेठ, उद्यापासून आम्हीपण जेवूनच येतो. मी म्हटलं, तुमचे ठरलेले पैसे कमी केले का? नाही ना. त्याच्या घरी अर्धी भूक लागत नाही.
गोष्टीत मालक सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, घर एक दिवस चालेल एवढी. मालकाने तेवढं बघितलं.
रोज परवडत नाही हे खरं. पण अर्धी हजेरी मी बंद केली. परवडत नसेल तेव्हा माणूस कमी आणतो.

चिंचपोकळी
@रंगारी मुकादमाचं काय झालं पुढे?

रंगारी
अजून माझ्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला 😄

लालबागची
हजेरी शब्दावरून बाबा आठवले. १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला आणि आमच्या चाळीत उन्हाळ्यापर्यंत भांडी वाजायची बंद झाली. बाबा गिरणीत साच्यावर होते. महिन्यातून एकदा पहाटे दाराशी ज्वारीची पिशवी असायची. आमच्याच नाही, मंडळीतल्या तीन-चार घरांच्या. आई म्हणायची शोधू नका कोण ठेवतं ते, शोधलं तर त्याचं दान आपण बिघडवू. "तुझा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको." बाबा गेले, आई गेली, अजून माहीत नाही.
आता आमच्या मंडळीत पंखा दिला तरी पात्यावर नाव लिहितात. मला खरंच वाईट वाटतं. देणाऱ्यांचा राग नाही, पण पिशवी ठेवणाऱ्याने आम्हाला जी इज्जत दिली ती कशातच नव्हती.

पाळकांची लेक
लालबागची, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

माझं मार्था आणि मरीयेचं. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात धावपळ करत होती, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, ती गोष्ट. माझे वडील पाळक होते, त्यामुळे लहानपणापासून चर्चचा मागचा दरवाजा जास्त माहीत. वार्षिक सभा, कापणीचा सण, नाताळचं जेवण, काहीही असो, बायका मागे चुलीपाशी. संदेश कुठला, कोणावर, काही पत्ता नाही. वर लूक १० वर दरवर्षी संदेश व्हायचा की भगिनींनो, मार्थेसारखं धावपळ करू नका, प्रभूच्या चरणाशी बसा! आणि भगिनी तेव्हा मागे दोनशे माणसांचा भात निथळत असायच्या.

आता मी सासरच्या मंडळीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी सभेत शांतपणे सांगितलं, यंदा आम्ही सगळ्या पुढे बसणार, ज्यांना भूक लागेल त्यांनी बघावं. भांडण नाही, टोमणे नाहीत. गडी माणसांनी पुलाव केला. खालून लागला, वरून कच्चा, मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी खाल्ला. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या आजी बसल्या होत्या, म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा सणाचा अख्खा संदेश ऐकला. मला त्या दिवशी कळलं की मार्थेला येशू रागावला नव्हता, तिचीपण जागा पुढे होती.
आता पाळी लावली आहे. पुलाव सुधारलाय.

मसालावाली
कुकर झाला 🙂 पुरुषांना सांगा भिजवलेल्या तांदळाला दीडपट पाणी. आणि आमचा बाटली मसाला चिमूटभर.

चिंचपोकळी
बाटली मसाला कुठे मिळेल? आणि फुगे (तुमचे तळलेले गोल पाव) कोणी करून देतं का?

मसालावाली
लेंटमध्ये फुग्यांचं नाव काढू नका हो! ईस्टरला बघू. मसाला आम्ही मे महिन्यात कांडतो.

मालाडकर
मत्तय १८:१५. भावाने अपराध केला तर जा, तू आणि तो एकटे असताना त्याला सांग.
आमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून पेटलं होतं. अंत्यविधीला आलेल्या एकाची गाडी गेटसमोर, कोणीतरी नंबरप्लेटचा फोटो टाकला, खाली साठ-सत्तर मेसेज. ज्याची गाडी होती त्याच्या सख्ख्या मावशीची अंत्ययात्रा होती. तो ग्रुप सोडून गेला, पुढे चर्चही सोडलं.
ॲडमिन मी आहे. त्यानंतर एक नियम लावला: कोणाविषयी तक्रार असेल तर आधी त्याला फोन. एकटा. नाही ऐकलं तर दोघं जा. तरीही नाही तर चर्चच्या कमिटीपुढे. ग्रुपवर माणसाचं नाव घेऊन काही नाही. अगदी त्याच क्रमाने जसं येशूने सांगितलंय. काही जण म्हणाले हे लपवाछपवी आहे. पण पैशाचे हिशेब ग्रुपवर आम्ही उघडे टाकतो, त्यात लपवणं नाही. लपवायची ती फक्त माणसाची लाज.
त्या भावाकडे आम्ही दोघं गेलो. चहा दिला. चर्चला अजून येत नाही, पण दार उघडतो.

गावठाणातली
@मालाडकर हा नियम मी उद्या आमच्या ग्रुपमध्ये मांडते. क्रमासकट.

नगरचा नातू
थोडं कडू लिहितोय, समजून घ्या.
अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ ला सुरू झालं, नगरला १८३१ ला. माझे पणजोबा नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले, आजोबा परळला रेल्वेच्या वर्कशॉपात आले. चार पिढ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे आमच्यासारख्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. म्हणजे सरकार म्हणतं, ख्रिस्ती झालात, आता तुमची जात नाही. आणि सोयरीक जुळवणारी मावशी विचारते, ख्रिस्ती आहात ते ठीक, पण मूळचे कोण?
आमच्या मंडळीच्या विवाह मंडळाच्या फॉर्मवर "मूळ" असा रकाना होता. प्रभुभोजनाला एकाच भाकरीतून घ्यायचं आणि बाहेर टेबलावर हा फॉर्म भरायचा. मी कमिटीत गेलो तेव्हा सभा सुरू होण्याआधी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (परक्या, तुच्छ मानलेल्या समाजाचा माणूस जखमीला मदत करतो ती) वाचायला लावली, अख्खी, आणि म्हटलं, आता या रकान्यात त्या शोमरोन्याने काय लिहावं ते सांगा. कोणी बोललं नाही. एक ज्येष्ठ उठून गेले. रकाना काढायला त्यानंतरही बराच काळ लागला, पण निघाला.
लोक आता फोनवर विचारतात, हे मला माहीत आहे. तरी छापील कागदावर देवाच्या घराचं नाव आणि खाली तो प्रश्न, हे यापुढे होणार नाही.

पाळकांची लेक
दादा, कडू नाही, खरं आहे. माझ्या वडिलांनी हे मनात ठेवूनच डोळे मिटले. तुम्ही केलंत हे वाचून बरं वाटलं.

रंगारी
🙏 नाक्यावरपण पहिला प्रश्न तोच असतो.

माहीम बुधवार
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? आई बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नव्हेनाला (दर बुधवारच्या खास प्रार्थनेला) जायची, आता मी जाते. ती १९४८ पासून चालू आहे म्हणतात. पायऱ्यांवर मेणबत्त्यांची गर्दी, ट्रॅफिक जाम, सगळं मान्य. मला कोणी आजवर विचारलं नाही तू कोण. नगरचा नातू यांचं वाचून वाटलं की पाहुण्याला जे मिळतं ते घरच्यांनाही मिळावं.

गावठाणातली
चालेल म्हणजे काय, बसा 🙂

शेवटचा बाक
पवित्र गुरुवार येतोय म्हणून लिहितो. योहान १३, येशूने शिष्यांचे पाय धुतले ते; त्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी पाय धुवायला बारा पुरुषच बसवायचे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलला, बायकाही चालतील असं केलं. आमच्या फादरांनी मला यादी करायला सांगितलं आणि म्हणाले, नेहमीचे बारा नकोत.
मी चर्च झाडणाऱ्या ताईंना विचारलं. मराठी मिस्साला नेहमी असतात, माझ्याच बाकावर. आधी हो म्हणाल्या, बुधवारी रात्री घरी आल्या. "भाऊ, माझं नाव काढा. पायांना भेगा आहेत, फादरांच्या हाताला लागतील." मी काही बोलायच्या आत माझी बायको म्हणाली, पेत्रानेपण हेच केलं होतं, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणाला. ताई हसल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या, पहिल्याच खुर्चीवर. फादर गुडघ्यावर, पाणी ओतलं, पुसलं, आणि जरा जास्तच वेळ पुसलं. रोज ज्या फरशीवर त्या वाकतात तिथेच कोणीतरी त्यांच्यापुढे वाकलं होतं.
दोन घरं नाराज झाली, दरवर्षी त्यांच्याकडचा माणूस असायचा. फादर त्यांच्याकडे जेवायला गेले, मिटलं.
त्या ताईंचा पगार नंतरच्या बैठकीत वाढवला, हेही लिहितो. पाय धुवून पगार तोच ठेवला असता तर मला चैन पडली नसती.

लालबागची
शेवटची ओळ 👏👏

चौथा मजला
वेळ कमी आहे, आईला भरवायचंय. विश्वास वगैरे माझा डळमळीतच. लॉकडाऊनमध्ये बाबा गेले, टीव्हीवरचा मिस्सा बघवेना. १६ नोव्हेंबर २०२० ला महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली तरी मी गेलो नाही. मार्क ९ मधला तो बाप म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर, तेवढंच मला म्हणता येतं.
पण आई अंथरुणाला खिळली आहे आणि पहिल्या शुक्रवारी चर्चमधून एक बाई प्रसाद घेऊन येतात. लिफ्ट नाही, चार मजले, त्यांचे गुडघे दुखतात. प्रार्थना दहा मिनिटांत आटपते. मग त्या अर्धा तास बसून आईशी मासळीचे भाव, कोणाची मुलगी कॅनडाला गेली, हे सगळं बोलतात. आई त्या अर्ध्या तासासाठी सकाळीच केस विंचरून घेते. "मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात" यात प्रार्थना केली असं लिहिलेलंच नाही, आलात एवढंच आहे. गेल्या नाताळनंतर मीपण खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे जाऊन बसायला लागलोय. रविवारी चर्चच्या वेळात.

गावठाणातली
तुम्ही जाताय तेही चर्चच. आईंना माझा नमस्कार सांगा. कुठे राहता ते कळवलंत तर लिफ्ट नसली तरी येईन.

चौथा मजला
कळवतो. आईला माणसं आवडतात.

चिंचपोकळी
मी नुसतं वाचतोय आणि मसाला विचारतोय, म्हणून एक अडचण मांडतो. आमच्या मराठी उपासनेला तरुण मुलं येत नाहीत, इंग्रजीला जातात, गिटार असते. रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही पन्नाशीतले लोक पेटीवर ओढत गातो. ईस्टरला मुलांना घेऊन ती नीट तालात बसवायची आहेत. जुना द्राक्षारस नव्या बुधल्यात घालायचा की नवा जुन्यात, ते मला कळत नाही, पण तबलजी पाहिजे. कोणी आहे का?

पाळकांची लेक
माझा भाचा वाजवतो, सोळाचा आहे, केरवा आणि दादरा पक्का. शनिवारी क्लास असतो. रविवार दुपार चालेल?

चिंचपोकळी
चालेल! उपासना साडेदहाला संपते, मग तिथेच. त्याचं जेवण आमच्याकडे.