मदत हवी आहे: मरळसाठी रबरी आमिष गळावर नीट बसत नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. हिप्परग्याच्या तलावावर काठाच्या गवतात मरळ वर येऊन हवा घेते, बुडबुडा दिसतो, पण ती काही हाती लागत नाही.

चार इंची मऊ रबरी किडा टेक्सास रिग पद्धतीने लावतो, म्हणजे पुढे बुलेटसारखं पाच ग्रॅमचं शिसं, 3/0 मापाचा ऑफसेट गळ (दोरी बांधायच्या टोकाजवळ दुमड असलेला), अणकुचीदार टोक रबरात लपवलेलं, त्यामुळे शेवाळ अडकत नाही. एवढं छान जमतं. पण दोन-चार फेकींत किड्याचं तोंड फाटतं, तो गळाच्या वाकाकडे घसरतो आणि पाण्यात गोल गोल फिरून दोरीला पीळ बसतो. मासा आमिषाला तोंड मारतो, मी झटका देतो, टोक रबरातून बाहेरच येत नाही. मरळीचं तोंड हाडासारखं कडक, त्यामुळे अर्धवट टोचलेला गळ लगेच सुटतो.

तोंडाशी स्प्रिंग असलेला गळ घ्यावा का? टोक नुसतं रबराच्या कातडीखाली ठेवलं तर गवतात चालेल? उथळ पाण्यात शिसं काढूनच टाकू? उजनीच्या बाजूला कोणी हे वापरत असेल तर कृपया सविस्तर सांगा. आणि हो, लालसर पिल्लांचा थवा सांभाळणारी मरळ मी धरत नाही, तुम्हीही सोडा.