देवीच्या डोळ्यांतलं पाणी: सोसायटीच्या ग्रुपवरची शनिवार रात्रीची चर्चा

सावंतकाकू (बी-२०४): वरचा व्हिडिओ सगळ्यांनी शेवटपर्यंत बघा. देवीच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतंय. रविवारी दर्शनाला जायचं का? शेवटी क्यूआर कोड दिलाय, ज्यांना जमेल त्यांनी अभिषेकासाठी पाठवा 🙏

केदार (ए-७०१): काकू, राग मानू नका, पण चमत्कार होऊच शकत नाहीत. ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञाने हे केव्हाच सिद्ध केलंय.

मीनल (सी-५०२): केदार, ह्यूमने तसं सिद्ध केलेलं नाही. त्याचा १७४८ चा निबंध आम्हाला एम.ए.ला होता. त्याचं म्हणणं असं की कोणी चमत्कार सांगितला तर दोन गोष्टी तोलायच्या: सांगणारा चुकला किंवा फसला असेल हे, आणि सृष्टीचा नियम खरंच मोडला असेल हे. सांगणारा चुकणं हाच त्याहून मोठा चमत्कार ठरत असेल, तरच विश्वास ठेवायचा. म्हणजे नुसत्या सांगोवांगीवर मानता येत नाही, एवढंच.

आणि त्यातली अडचण त्यालाही दिसली होती. हिंदुस्थानातल्या एका राजपुत्राचं उदाहरण त्याने दिलंय. थंडीने पाणी गोठतं हे त्या राजपुत्राने मानलं नाही. ह्यूम म्हणतो, त्याच्या अनुभवाला धरून त्याचं बरोबरच होतं. पण बर्फ तर खरा होता ना!

केदार: मग आपला अनुभव तोकडा म्हणून आपण खरी गोष्टही नाकारू शकतो.

मीनल: नाकारलीच आहे की. आकाशातून दगड पडतात हे खेड्यातले लोक सांगायचे आणि युरोपातले विद्वान ते उडवून लावायचे. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या लेग्ल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला. बियो नावाचा शास्त्रज्ञ तिथे जाऊन आसपासच्या गावांतून हिंडला, लोकांशी बोलला, दगड गोळा केले, तेव्हा कुठे ते मान्य झालं. आपलं लोणार सरोवर अशाच एका आघाताने झालंय. पण मानलं ते कशावरून? दगड हातात होते आणि वेगवेगळ्या गावांतल्या लोकांचं सांगणं जुळत होतं.

पाटीलकाका (बी-१०१): २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा मी दादरला रांगेत उभा होतो. चमचा काठोकाठ भरून, जरा तिरका करून सोंडेला टेकवला आणि माझ्या डोळ्यांदेखत दूध कमी होत गेलं. नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. सोंडेला टेकलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं. पांढरं दूध ओल्या मूर्तीवर कळत नाही, रंगीत ओघळ लगेच दिसतो. आम्ही हजारो माणसं खोटं बोलत नव्हतो. दूध चमच्यातून गेलं हे खरंच होतं. ते पुढे कुठे गेलं, तिकडे कोणाची नजर नव्हती.

डिसोझा आंटी (ए-३०३): २०१२ साली विलेपार्ल्याच्या वेलंकनी चर्चला क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं. लोक ते भरून नेत होते. सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्यांनी जाऊन बघितलं, तर जवळच सांडपाणी तुंबलेलं. ओल भिंतीतून चढत क्रूसापर्यंत पोचली होती. आपल्या सी विंगच्या जिन्यात ओल चढते ना, तशीच. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, ते फिनलंडला निघून गेले. माणसं गटाराचं पाणी तीर्थ समजत होती आणि ते सांगणाऱ्यालाच देश सोडावा लागला, हे मला श्रद्धाळू म्हणून फार लागतं.

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी आमच्याच चर्चची रीत वेगळी आहे. १८५८ पासून हजारो लोकांनी तिथे बरं झाल्याचं सांगितलं, पण २०१८ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झाले ७०. डॉक्टर फक्त 'आजच्या ज्ञानाने उलगडा होत नाही' असं म्हणतात. पुढचं बिशप ठरवतात.

मीनल: आंटी, हे फार महत्त्वाचं. कारण सापडलं नाही आणि कारणच नाही, यांत मोठं अंतर आहे.

सावंतकाकू: तुम्ही सगळी शिकलेली माणसं. आमचे हे व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले, अशा शंभरातले दहा वाचतात. मी देवीला नवस बोलले आणि हे घरी आले. हे कुठल्या तराजूत घालायचं?

मीनल: काकू, काका खाली बाकावर पेपर वाचताना दिसले की आम्हालाही बरं वाटतं. तुमच्यापाशी मी गोड बोलून वेळ मारून नेणार नाही. रिचर्ड प्राइस नावाच्या एका पाद्रीने १७६७ मध्ये ह्यूमला उत्तर दिलं होतं: लॉटरीत अमुक एक नंबर लागणं किती दुर्मिळ, तरी पेपरात छापून आला की आपण मानतो. त्याचा हा मुद्दा मला पटतो. दुर्मिळ गोष्टी घडतात. पण दुर्मिळ घडलं म्हणजे नियम मोडला असं होत नाही. शंभरातल्या दहा घरांत माणूस परत येतो, त्या दहाही घरांना तो चमत्कारच वाटतो. उरलेल्या नव्वद घरांतही कोणीतरी देवापुढे बसलेलं असतंच. त्यांचं काही कमी पडलं, असं मला म्हणवत नाही.

सावंतकाकू: यांच्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा गेला. त्याची आई बाहेर माझ्याच बाजूला बसून जप करायची. माझा नवस फळला हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? नाहीच सांगितलं. पण देवीचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही गं.

मीनल: ते मानाच, काकू. त्याला कोणी पुरावा मागू नये. पुरावा मागायचा तो क्यूआर कोड पाठवणाऱ्याकडे.

पाटीलकाका: तुकोबांनीच म्हटलंय, 'दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी'. माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले ही कथा मी कीर्तनात दरवेळी डोळे भरून ऐकतो. वेद कोणाच्या मालकीचे नाहीत, हे ती मला सांगते. रेडा खरंच बोलला का, हे मी तिथे विचारत नाही. देवीच्या मूर्तीचं तसं नाही. तिथे आत्ता पाणी येतंय असं कोणी सांगतंय, तर ते बघता येईल.

सचिव: क्यूआर कोडचा मेसेज मी डिलीट केलाय. खातं कोणाचं हे माहीत नाही. शिवाय तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्याला दान करायचंय त्याने देवळात जाऊन पावती घ्यावी.

केदार: काकू, रविवारी मी गाडी काढतो. मूर्तीच्या मागची भिंत आणि वरचं छत बघू देतील का?

सावंतकाकू: पुजाऱ्यांना मी विचारते. आधी दर्शन, मग भिंत. सकाळी सहाला गेटवर ये, डबा मी करून आणते.