प्रत्येक पत्राला दुसरं टोकही असतं

निजामाचे दप्तर खुले झाल्याशिवाय मराठवाड्याचा इंग्रजी अंमलाशी आलेला संबंध लिहिताच येणार नाही, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. दप्तरे बंद ठेवणे चुकीचेच आहे, पण हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जे लिहायचा ते कलकत्त्याला आणि पुढे दिल्लीला जायचे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या फायली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी 'अभिलेख पटल' या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. औरंगाबाद छावणी, काँटिन्जंट फौज (निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली फौज) असे शब्द टाकून बघा. शिवाय बंद दप्तरांसाठी अर्ज करताना माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(३) नमूद कराच: २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही.

आणि गावातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, विसरू नका. आमच्या भागात एका वतनदाराच्या घरी मोडीतली कागदांची चळत पाहिली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शिक्का अजून स्पष्ट. अशा कागदांवरचे साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. १३१० फसली म्हणजे साधारण १९००-०१, म्हणजे इसवी सन काढायला ५९० मिळवायचे. हा हिशेब न केल्याने लोक भलत्याच वर्षाच्या फायली मागत बसतात.