मदत हवी आहे: उबुंटूवरचं जुनं लिबएसएसएल १.१ काढावं का?

नमस्कार मंडळी. खानापुरातल्या आमच्या वाचनालयाचा डेस्कटॉप उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला आहे. आयबसवर मराठी-कन्नड टायपिंग व्यवस्थित चालतं. जुने कर्नल ऑटोरिमूव्हने गेले. अडलंय ते लिबएसएसएल १.१ वर, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी इतर प्रोग्राम वापरतात त्या ओपनएसएसएलच्या जुन्या लायब्ररीवर (सामायिक कोडच्या फाइलवर).

२२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे आणि १.१.१ चा मूळ सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी लायब्ररी लोकांच्या वापरातल्या मशीनवर ठेवणं मला पटत नाही.

पण स्कॅनरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या स्क्रिप्टने थेट ऑप्ट फोल्डरमध्ये बसलंय. डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) त्याचा पत्ताच नाही, म्हणून 'एपीटी-कॅश आरडिपेंड्स'मध्ये (पॅकेजवर कोण अवलंबून आहे ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) कुणीच अवलंबून दिसत नाही. प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणाऱ्या एलडीडी कमांडमध्येसुद्धा लिबएसएसएल दिसत नाही. मात्र प्रोग्राम चालू झाल्यावर प्लगइन जी लायब्ररी ओढतात ती एलडीडी दाखवत नाही.

स्कॅन चालू असताना एलएसओएफने (चालू प्रोग्रामने उघडलेल्या फाइल दाखवणाऱ्या कमांडने) तपासलं तर खात्री धरता येईल का, की नेटवर्क स्कॅन, पीडीएफ असं प्रत्येक काम वेगळं करून बघावं लागेल? शिवाय २२.०४ च्या रिपॉझिटरीत हे पॅकेज नाही. आधी डीपीकेजी-रिपॅकने बसलेल्या पॅकेजची डेब फाइल (पुन्हा बसवता येणारी फाइल) करून ठेवली, तर गरज पडल्यास तीच परत बसवता येईल ना? कुणी केलं असेल तर कृपया नेमका क्रम सांगा.