टग लहान असला तरी धूर वस्तीतच जातो

काही जण म्हणतात की बंदरातल्या धुरासाठी मोठी जहाजं सोडून टग (मोठी जहाजं ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या बोटी) आणि फेरीबोटींच्या मागे लागण्यात अर्थ नाही, मला नाही पटत हे. मोठं जहाज येतं नि जातं, टग मात्र वर्षभर तिथेच, तासन्‌तास इंजिन नुसतं आयडलवर, मग जहाज ढकलायची वेळ आली की एकदम फुल पॉवर आणि चिमणीतून काळा भपका, तो वाऱ्याबरोबर सरळ बंदराशेजारच्या घरांत. कॅलिफोर्नियाने यासाठी २००८ मध्येच नियम केले, २०२२ मध्ये आणखी कडक केले, बहुतेक बोटींना स्वच्छ इंजिन आणि जोडीला डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी), २०२३ पासून रिन्युएबल डिझेल (वनस्पती तेल, चरबी वगैरेंपासून बनवलेलं), आणि ३ सागरी मैलांपेक्षा कमी अंतराच्या फेरीबोटी तर थेट झीरो एमिशन, म्हणजे धूर अजिबात नाही.

टगवाल्यांचं एक म्हणणं मात्र खरंय, जुन्या बोटीच्या इंजिनरूममध्ये फिल्टरला जागाच नसते, आणि वरती वजन वाढलं की स्टॅबिलिटीचं (बोट कलंडू नये याचं) गणित परत करावं लागतं. त्यांना मुदतवाढ द्या, पैशाची मदत द्या, पण कायमची सूट नको. कॅलिफोर्नियातल्याच सॅन दिएगो बंदरात २०२४ पासून ईवुल्फ नावाचा बॅटरीवरचा टग काम करतोयच की!